हरवलेला लघुचित्रपट आणि त्याची स्मृती : ‘इव्हेन्ट्स इन अ क्लाउड चेंबर’

चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ साली सोळा मिलिमीटर फिल्मवर सुमारे सहा मिनिटांचा एक लघुचित्रपट तयार केला. ‘इव्हेन्ट्स इन अ क्लाउड चेंबर’ हे त्याचे नाव. त्यात कथा नव्हती, पात्रे नव्हती. स्वप्नात दिसावा तसा एक भूप्रदेश एवढीच त्याची प्रतिमा होती. ह्या चित्रपटाची प्रत पुढे हरवली आणि दुसरी प्रत अस्तित्वात नाही. चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर आशीम अहलुवालिया यांनी वयोवृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीच्या आधारे तो पुन्हा घडविण्याचा प्रयत्न केला. त्यातून त्याच नावाचा दुसरा लघुचित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. ह्या दुसऱ्या कृतीवरून पहिलीविषयी नेमके काय सांगता येते, हा चित्रपटाभ्यासकापुढील खरा प्रश्न होय.

पदमसी (१९२८–२०२०) मूळचे मुंबईचे. जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्तीचा पैसा त्यांनी केवळ स्वतःच्या चित्रांसाठी न वापरता त्यातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कार्यशाळा मुंबईत उभारली. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार आणि मनोविश्लेषकही तेथे एकत्र येत. स्वप्नप्रतिमेचा विचार करणाऱ्या चित्रकाराच्या शेजारी मनोविश्लेषक बसलेला असावा, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ह्याच कार्यशाळेत तरुण नलिनी मलानी यांनी १९६९ साली ‘ड्रीम हाउसेस’ हा आठ मिलिमीटरवरील लघुचित्रपट केला. एकेक चौकट थांबवून टिपलेल्या त्याच्या रंगीत आकृतींत नव्या नागरी घरबांधणीचे स्वप्न आहे. पुढे १९७६ च्या आसपास मलानींनी त्याच्या जोडीला कृष्णधवल चित्रण ठेवून ‘युटोपिया’ ही दुहेरी प्रक्षेपणाची कृती केली. तीत ते स्वप्न आणि प्रत्यक्ष मुंबई समोरासमोर उभी राहतात.

पदमसींची रीत निराळी होती. स्वतःच्याच एका तैलचित्रातील भूप्रदेश त्यांना पडद्यावर आणावयाचा होता. परंतु कॅनव्हासचे चित्रण केल्याने केवळ चित्राचा फोटो हाती आला असता. म्हणून त्यांनी कापून काढलेल्या आकारांचे साचे व स्लाइड-प्रक्षेपक ह्यांचा उपयोग केला. साच्यांतून निघालेले प्रकाशाचे आकार एकमेकांवर पडत, आणि हा प्रकाशाचा थर बोलेक्स कॅमेऱ्याने टिपला जाई. रंगाच्या लेपाची जागा अशा रीतीने प्रकाशाने घेतली. सोबतीला गीता साराभाई यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत होते.

नावाचा अर्थही सांगावयास हवा. बाष्पकोठी हे भौतिकशास्त्रातील उपकरण स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी सिद्ध केले व १९११ साली त्यांना तिच्यात कणांचे मार्ग प्रथम टिपता आले. ह्या कामासाठी त्यांना १९२७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. बंद कोठीतील बाष्प एकदम प्रसरण पावून थंड झाले की त्यातून जाणाऱ्या विद्युद्‌भारित कणाच्या वाटेवर सूक्ष्म थेंब जमतात. कण कोणालाही दिसत नाही. तो गेल्यानंतर मागे राहिलेली धुक्याची रेघ तेवढी दिसते, आणि तीही क्षणात विरते. १९६९ च्या चित्रपटाचे आज नेमके हेच झाले आहे, हा योगायोग मोठा विलक्षण.

स्मृती ही मात्र बाष्पकोठीइतकी निर्मळ साक्षीदार नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात जे प्रयोग नोंदविले, त्यांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित कथा पुनःपुन्हा आठवून लिहावयास सांगितली होती. दर वेळी कथा आखूड होत गेली. परक्या गोष्टींच्या जागी ओळखीच्या गोष्टी आल्या. असंबद्ध दुवे आपोआप जुळविले गेले. स्वप्नाच्या बाबतीत असेच काही घडते असे फ्रॉइड यांनी १९०० मध्येच म्हटले होते : सांगितलेले स्वप्न पाहिलेल्या स्वप्नाहून अधिक सुसंगत असते, कारण मन त्यात मागाहून संगती घालते. फ्रॉइड यांचे इतर सिद्धान्त आज जसेच्या तसे कोणी स्वीकारत नाही, पण हे निरीक्षण टिकले आहे. हरवलेल्या चित्रपटाची आठवण आणि जागे झाल्यावरचे स्वप्नकथन ह्यांची जात एकच. दोहोंत मूळ वस्तू ताडून पाहण्यास उपलब्ध नसते, आणि सांगणारा प्रामाणिक असला तरी तो नव्याने रचत असतो.

म्हणून २०१६ च्या कृतीला ‘पुनर्निर्मिती’ म्हणणे सैल ठरते. तिचे मोल साक्षीचे आहे. अहलुवालिया यांनी वृद्ध चित्रकाराला आणि त्याच्या आठवणीला पडद्यावर स्थान दिले, मूळ प्रत सापडल्याचा आभास निर्माण केला नाही, ही त्यांची सचोटी होय.

प्रत टिकली म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. पदमसींचाच ‘सिझिजी’ हा १९७० चा मूक चित्रपट शेकडो रेखाटनांतून ॲनिमेटर राम मोहन यांच्या साहाय्याने सिद्ध झाला; तो उपलब्ध आहे, आणि त्यावरून पदमसींच्या रेषाविचाराचा अभ्यास थेट करता येतो. उलट दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट. १९१३ चा हा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचा म्हणून जो भाग जतन झाला तो सुमारे १,४७५ फूट आहे. तोही १९१३ चा नसून फाळक्यांनी १९१७ साली त्याच कथेवर काढलेल्या चित्रपटाचा असावा, असे मत जाणकारांनी मांडले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ‘पहिला चित्रपट’ म्हणून जे पाहिले गेले ते कदाचित त्याचे पुनःकथन होते! तेथे निदान फिल्मची पट्टी तपासता येते. पदमसींच्या बाबतीत तीही सोय नाही.

ह्यास्तव सूचीत १९६९ व २०१६ ह्या दोन नोंदी स्वतंत्र ठेवणे आणि दुसरीतील कोणतेही दृश्य पहिलीचे म्हणून न उद्‌धृत करणे आवश्यक आहे. ध्वनीच्या बाजूने मात्र स्मृतीबाहेरचा थोडा आधार मिळतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ ते १९७२ ह्या काळात मुद्रित झालेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या फिती तेथील संग्रहात पॉल पर्गस यांना आढळल्या, आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत गीता साराभाई यांचेही काम आहे.