दुसऱ्या खेळाचा मास्तर

अमेरिकेत कॉलेजांची एक जात आहे. तिकडचे लोक तिला 'फुटबॉलचे कॉलेज' म्हणतात. हे फुटबॉल म्हणजे आपले पायाने खेळायचे नव्हे. अंडाकृती चेंडू काखोटीला मारून धावत सुटायचे आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन आडवे पाडायचे, असा तो धसमुसळा प्रकार. अशा कॉलेजात शरद ऋतूतला प्रत्येक शनिवार हा जत्रेचा दिवस असतो. गाव रिकामे होते आणि स्टेडियम भरते. अलाबामा राज्यातल्या टस्कलूसा गावाची वस्ती साधारण लाखभर, आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये माणसे बसतात तीही लाखभर! आता अशा ठिकाणी बास्केटबॉलचा प्रशिक्षक नेमायचा झाला, तर कोण यायला तयार होईल? आणि आलाच, तर त्याच्याकडे बघणार कोण?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कॉलेजांची काळजी वैभववाडीत बसून करण्याचे कारण काय? कारण आहे. आपल्याकडची बहुतेक विद्यालये याच जातीची आहेत, फक्त खेळाचे नाव बदलते. आमच्या कोकणात ते क्रिकेट किंवा कबड्डी, घाट चढून कोल्हापुरात गेले की कुस्ती आणि फुटबॉल, खाली गोव्यात उतरले की पुन्हा फुटबॉल. एका खेळावर जीव लावायचा आणि बाकीचे खेळ हजेरीपुरते ठेवायचे, ही आपली रीत. आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या क्रीडा समितीवर मी आहे, आणि सध्या आमच्यासमोर हाच प्रश्न येऊन बसला आहे. तो सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगतो.

बास्केटबॉलचा जन्मच मुळी दुसऱ्या खेळाच्या सावलीत झाला. डिसेंबर १८९१. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती. तिथल्या मुलांचे फुटबॉल हिवाळा लागला की बंद पडे आणि बेसबॉल वसंत ऋतूत सुरू होई. मधले महिने बाहेर बर्फ आणि आत व्यायामशाळेत त्याच त्या कंटाळवाण्या कवायती. मुले बिथरली होती. तेव्हा ल्यूथर गुलिक या वरिष्ठांनी जेम्स नाइस्मिथ या तरुण शिक्षकाला छताखाली खेळता येईल असा एखादा नवा खेळ शोधायला सांगितले. नाइस्मिथ मूळचा कॅनडाचा, आणि स्वतः त्या शाळेच्या फुटबॉल संघातला खेळाडू. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवरच असते. पुढच्या मार्चमध्ये विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थी पाच विरुद्ध एक असे जिंकले. शिक्षकांचा तो एकमेव गोल केला ॲमॉस अलोंझो स्टॅग यांनी, आणि हे गृहस्थ पुढे फुटबॉलचे नामांकित प्रशिक्षक म्हणून गाजले! म्हणजे हा खेळ फुटबॉलचा वैरी म्हणून आला नाही. फुटबॉल झोपलेले असताना मुलांनी करायचे काय, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

हाच नाइस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तिथल्या बास्केटबॉल संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. नऊ हंगामांत त्याने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाचा जनकच हरण्यात पुढे! पण तिथे तो खेळ रुजला तो कायमचा, आणि कॅन्ससचे नाव आज बास्केटबॉलच्या पंढरीत घेतले जाते. आमच्या समितीत नुसता निकालाचा तक्ता वाचणारे जे सभासद आहेत, त्यांना हे आकडे मी मुद्दाम सांगत असतो.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. फ्लोरिडा विद्यापीठ हे पक्के फुटबॉलचे. १९९६ साली तिथले क्रीडा संचालक जेरेमी फोली यांनी बास्केटबॉलसाठी बिली डोनोव्हन या तीस वर्षांच्या पोराला आणले. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचा अनुभव एका छोट्या विद्यापीठातला, जेमतेम दोन वर्षांचा. त्याच हंगामात फुटबॉलच्या संघाने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि सारे गाव त्या आनंदात बुडून गेले. इकडे डोनोव्हनचा संघ पहिल्या दोन हंगामांत जितके सामने जिंकला त्याहून जास्त हरला. फोलींनी त्याला हलवले नाही. चौथ्या हंगामात, २००० साली, संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षे तो विजेता ठरला. २००७ च्या जानेवारीत फुटबॉलचे आणि एप्रिलमध्ये बास्केटबॉलचे विजेतेपद एकाच घरात आले. एका शैक्षणिक वर्षात दोन्ही मिळवणारे ते पहिले विद्यापीठ. गंमत म्हणजे दोन्ही वेळा हरवले ते ओहायो स्टेटलाच.

दुसरे उदाहरण वर सांगितलेल्या अलाबामाचे. तिथे निक सेबन हे फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणजे साक्षात दैवत होते. त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. त्यांच्या ऐन भरात, २०१९ साली, विद्यापीठाने बास्केटबॉलसाठी नेट ओट्स यांना नेमले. हे ओट्स २०१३ पर्यंत मिशिगनमधल्या रोम्युलस गावच्या हायस्कुलात गणित शिकवत होते आणि शाळा सुटल्यावर पोरांना बास्केटबॉल. त्यांच्या संघाने राज्य अजिंक्यपद जिंकले तेव्हा कुठे विद्यापीठाचे दार उघडले. २०२४ साली अलाबामाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला, आणि तोही विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच.

या दोन्ही नेमणुकांत मला एक साम्य दिसते. पहिल्या खेळाशी मत्सर करणारा माणूस त्यांनी आणला नाही. फुटबॉलच्या तिकिटांतून आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून जो पैसा येतो, त्यावरच तिकडच्या मोठ्या कॉलेजांतले बाकीचे बरेच खेळ चालतात. थोरल्या भावाची कमाई, धाकट्याचे शिक्षण. धाकट्याने त्याची लाज बाळगायची नाही आणि थोरल्याने त्याचा हिशेब रोज मागायचा नाही, इतके सांभाळले की घर चालते.

हे आपल्याकडे घडले नाही असे नाही. कोल्हापूर ही शाहू महाराजांमुळे कुस्तीची नगरी. पण आज शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघायला जा. संघांची नावे ऐकलीत तर पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी. तालमी कुस्तीच्या, पेठांची ईर्षा कुस्तीची, आणि त्याच चौकटीत फुटबॉल वाढले. मुंबई ही क्रिकेटची पंढरी. आमच्या मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत नोकरी करता करता शिवाजी पार्कवर पोरे घडवत होते. १९९० साली ते द्रोणाचार्य झाले. त्याच मुंबईत नागपाडा नावाची दाटीवाटीची वस्ती बास्केटबॉलची झाली. तिथे अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 'नागपाडा नेबरहूड हाऊस' काढले. पुढे १९३६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवातही त्याच वास्तूत झाली. त्या वस्तीत खेळत मोठे झालेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तिथल्या पालिकेच्या मैदानाला बच्चूखान या बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचे नाव आहे. क्रिकेटच्या शहरात एका वस्तीने आपल्या मैदानाला बास्केटबॉलच्या मास्तरचे नाव द्यावे, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

आता वैभववाडीकडे येतो. आमचा तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी. वर करूळचा घाट चढला की गगनबावडा. सपाट जमीन कमी आणि पाऊस उदंड. जूनमध्ये मैदानावर जो चिखल होतो तो दसऱ्यापर्यंत हटत नाही. आमच्या संस्थेचा जीव क्रिकेटमध्ये आहे. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा माजी विद्यार्थ्यांची टेनिस चेंडूची स्पर्धा होते, वर्गणी जमते, चषक मिरवतात, लाऊडस्पीकरवरून समालोचन चालते. माझे त्याविरुद्ध काहीही म्हणणे नाही. मी स्वतः तिथे मांडवात बसून भजी खातो. पण स्प्रिंगफील्डच्या मुलांना जो हिवाळा होता, तोच आमच्या मुलांचा पावसाळा आहे. चार महिने पोरांनी करायचे काय? आणि शालेय स्पर्धांचा मोसम नेमका पावसातच सुरू होतो.

म्हणून दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन बोर्ड उभे करून बास्केटबॉल सुरू करायचे ठरले. या खेळाचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे चार गुंठ्यांहून थोडे अधिक. डोंगरउतारावरच्या गावाला हे परवडते. आमची शेड तेवढी लांब नाही, पण सरावाला पुरते. प्रशिक्षक म्हणून दहा महिन्यांच्या मानधनावर एक तरुण मुलगी आली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, रोज एसटीने येणारी. मुलाखतीत एकाने तिला विचारले, "मेडल किती आणशील?" ती म्हणाली, "सर, पहिल्या वर्षी मुली घरी न सांगता यायच्या बंद होतील, एवढं करीन." मला तिचे उत्तर त्या वेळी नीटसे कळले नव्हते. नंतर कळले. पूर्वी खेळायला येणाऱ्या मुली घरी 'जादा तास आहे' असे सांगून येत. आता त्यांच्या आया शेडच्या दारात छत्री मिटून उभ्या राहतात आणि सराव संपेपर्यंत बघतात.

पण जिल्हा पातळीवर संघ दोन्ही वर्षे पहिल्याच फेरीत हरला. त्यातून विभागाला जायचे म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या शाळांशी गाठ; ते तर लांबच राहिले. आता मानधनाचा ठराव समितीपुढे आहे. एक सभासद माझ्या चांगल्या ओळखीचे. ते म्हणाले, "भाऊ, निकाल नाय तर मानधन कशाक? त्यापेक्षा क्रिकेटची मॅट नवी घेवया." मधल्या काळात त्या मुलीकडून क्रिकेटच्या स्पर्धेत धावफलक लिहून घेतला, कार्यालयातली टपालवहीसुद्धा लिहून घेतली, हे मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाही.

मी त्यांना बँकेच्या भाषेत समजावले. आम्ही दोन प्रकारची शेतीकर्जे द्यायचो. भाताला दिलेले पीककर्ज हंगामाअखेर परत यायला हवे. पण हापूसची कलमे लावायला कर्ज दिले, तर पहिल्याच वर्षी हप्ता मागायला जाणारा अधिकारी वेडा ठरेल. कलम धरायला पाच-सहा वर्षे लागतात, म्हणून हप्ते तेव्हापासून बांधून द्यायचे. इतकेच नव्हे, पहिली तीन वर्षे मोहर आलाच तर तो खुडून टाकायचा असतो, नाहीतर झाडाची वाढ खुंटते. प्रशिक्षकाचेही तसेच आहे. पहिल्या वर्षी चषक हवाच असेल, तर बाहेरून तयार मुले नाव घालून आणता येतात, वयाचे दाखले इकडचे तिकडे करता येतात. ज्याला दहा महिन्यांनी घरी पाठवण्याची भीती घातली आहे, त्याला हा मोह होणारच. त्याने तो टाळला तर त्याला आपण काय देतो? दुसऱ्याचा धावफलक!

माझे म्हणणे तीन ओळींत ठरावाखाली लिहून दिले आहे. नेमणूक एकदम पाच वर्षांची करा. मे महिन्याच्या क्रिकेट स्पर्धेच्या वर्गणीतला दहावा हिस्सा शेडच्या जमिनीवर आणि गळक्या पत्र्यांवर खर्च करा. आणि पहिली तीन वर्षे निकालाऐवजी हजेरी बघा. हजेरीपटावर आज बावीस मुली आहेत. त्यांतल्या बऱ्याचजणींनी याआधी कुठलाच खेळ खेळलेला नव्हता, कारण आमच्या पहिल्या खेळात त्यांना जागाच नव्हती.

ठरावावर मतदान पुढच्या बैठकीत आहे. तोवर पाऊस लागेल, क्रिकेटची मॅट गुंडाळून कोठीत जाईल आणि शेडमध्ये चेंडू आपटण्याचा आवाज सुरू होईल. बैठक शेडला लागूनच असलेल्या खोलीत, संध्याकाळी साडेपाचला ठेवावी, अशी सूचना मी सचिवांना केली आहे. त्या वेळी सराव चालू असतो.