हिच बदलली, गाडी तीच

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागातून जाणारा गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा. बहुतेक कच्चा, मैलोन्‌मैल आडव्या वळ्या पडलेला, मधूनमधून नदी ओलांडायला लावणारा. पावसाळा सरला की डिझेल फोर-बाय-फोर गाड्या मागे कॅरव्हॅन किंवा कॅम्पर ट्रेलर घेऊन या वाटेला लागतात. निघण्याआधी बरेच जण हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांना सांधणारी जोडणी, बदलून घेतात.

त्याला कारण आहे. सर्वसाधारण ट्रेलर गाडीमागच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर, टोबॉलवर, बसतो. डांबरी रस्त्यावर ही जोडणी उत्तम. पण गाडी ओघळीत उतरत असते आणि ट्रेलर अजून वरच्या काठावर तिरका असतो, तेव्हा टोबॉलवरची वाटी एका मर्यादेपलीकडे वळत नाही. अडकते, वाकते, क्वचित उचकटतेही. म्हणून तिथे क्रूझमास्टरची डीओ-३५सारखी, सगळ्या दिशांना मोकळी फिरणारी ऑफरोड हिच लोकप्रिय आहे. तिची क्षमता साडेतीन टन.

हा साडेतीन टनांचा आकडाच लोकांना भुलवतो. जोडणी कितीही दणकट असो, ओढण्याची मर्यादा ठरते ती गाडी, टोबॉल धरणारा टोबार, हिच आणि ट्रेलर यांतल्या सर्वांत कमी क्षमतेच्या भागावरून. अडीच टन ओढणाऱ्या गाडीला साडेतीन टनांची हिच लावली, तरी गाडी अडीच टनांचीच राहते.

बरं, गाडीच साडेतीन टनांची असली तर? टोयोटाची डिझेल लँडक्रूझर ३०० घ्या. तिच्या बऱ्याच मॉडेलांची भारासकट कमाल वजनमर्यादा ३,२८० किलो आहे आणि माणसं-सामानासाठी त्यातले साधारण साडेसहाशे किलो उरतात. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा भाग टोबॉलवर यावा, असा तिथला रूढ नियम. म्हणजे साडेसहाशेतले ३५० किलो ३,५०० किलोच्या कॅरव्हॅनने आधीच खाल्ले. उरलेल्या तीनशेत चार मोठी माणसं बसली की संपलं. फ्रिज, जादा डिझेल, छतावरचा तंबू, पुढचा लोखंडी बुलबार? सगळं मर्यादेबाहेर!

शिवाय ते ३५० किलो येतात मागच्या चाकांच्याही मागे. दोन आसांमधलं अंतर २.८५ मीटर आणि टोबॉल मागच्या आसापासून १.२ मीटरवर धरला, तर मागच्या आसावर जवळजवळ ५०० किलो वाढतात आणि पुढची चाकं दीडशे किलोंनी हलकी होतात. वळवायची ती हीच चाकं.

मग टोबॉलवरचा भार कमी करावा का? मुळीच नाही. बैलगाडी उलाळ, म्हणजे मागे जड, झाली की बैलांचे हाल होतात आणि फार धुरजड, म्हणजे पुढे जड, झाली तरी होतात, हे गाडीवानाला ठाऊक असतं; ट्रेलरचंही तसंच. मागे वजन जास्त झालं की वेगात तो शेपटासारखा डोलायला लागतो. जड सामान आसाच्या आसपास आणि तळाशी ठेवावं. तरीही डोलू लागलाच, तर स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा आणि ट्रेलरचेच इलेक्ट्रिक ब्रेक हलकेच लावावेत. घाबरून गाडीचा ब्रेक दाबणं किंवा स्टिअरिंग झटकणं सर्वांत वाईट.

डिझेल इंजिनाचा जोर इथे जरा दगा देतो. लँडक्रूझर ३००चा ७०० न्यूटन-मीटर टॉर्क १,६०० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे मागे काही जोडलंय हे चढावर जाणवतही नाही. उतारावर मात्र तेवढंच वजन ढकलू लागतं. उतार लागण्याआधीच खालच्या गिअरमध्ये यावं, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. ऑस्ट्रेलियात दोन टनांवरच्या ट्रेलरला सर्व चाकांवर ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर ते आपोआप लागण्याची सोय सक्तीची आहे. अडीच टनांपर्यंत एक सुरक्षा साखळी, त्यावर दोन. परवाना मात्र साध्या कारचाच चालतो. आयुष्यात कधी ट्रेलर न ओढलेला माणूस तीन टनांची कॅरव्हॅन घेऊन दुसऱ्या दिवशी हायवेवर येऊ शकतो, हे जरा अजबच.

रुतलेली गाडी काढताना टोबॉलला पट्टा अडकवणं हा प्रकार तर जीवघेणा. टोबॉल ट्रेलर ओढण्यासाठी असतो, झटक्याचा ताण सोसण्यासाठी नाही. तो तुटला की ताणलेल्या पट्ट्यासह तोफगोळ्यागत काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं दगावली आहेत. पट्टा क्षमता नोंदवलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच लावावा आणि बघ्यांना दूर पिटाळावं.

मेलबर्न-सिडनीकडचे मराठी वाचक येत्या सुट्टीत कॅरव्हॅन जोडणार असतील, तर हिचच्या दुकानाआधी त्यांनी वजनकाटा गाठावा. टाकी भरून, सगळं सामान आणि घरची सगळी माणसं गाडीत बसवून, ट्रेलर जोडून. कुठली हिच घ्यायची, की आधी ट्रेलरच लहान घ्यायचा, हे त्या पावतीवरून ठरवावं.