एका संगणकात दोन विंडोज

ज्या घरांत नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या जुन्या तबकड्या जपून ठेवल्या आहेत, तिथे डमडम हे नाव परकं नाही. एचएमव्हीच्या तबकड्यांवर ते छापलेलं असे, कारण ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कोलकात्याच्या उत्तरेला, डमडममध्ये जेसोर रोडवर होता. तिथली ७८ फेऱ्यांची तबकडी नुसती हाती असून भागत नाही, मिनिटाला ७८ फेरे फिरणारं यंत्रही लागतं. १९९५ ते २००४ या काळातल्या संगणकीय खेळांचं नेमकं हेच झालं आहे. सीडी कपाटात राहिली आणि तिला ओळखणारा संगणक भंगारात गेला.

त्याआधीचे खेळ सोपे आहेत. ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी डॉसबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर पुरतं. त्यांच्यासाठी वेगळा संगणक जुळवूच नये.

खरी अडचण विंडोज ९५ आणि ९८ च्या पिढीची. त्यातले पुष्कळ खेळ ३२-बिट आहेत, पण सीडीवरचा इन्स्टॉलर १६-बिट असतो. आजची ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही, त्यामुळे खेळ दारातच अडतो. काही खेळ फक्त २५६ रंगांत चालायचे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ विंडोज ७ वर लावला की गवत लाल आणि पाणी जांभळं दिसायचं, ते यामुळेच. शिवाय कॉपी रोखणारं सेफडिस्कचं कुलूप आहे. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मधून सुरक्षेच्या कारणाने काढून टाकला, त्यामुळे दुकानातून पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडीसुद्धा चालत नाही. ज्यांनी प्रामाणिकपणे विकत घेतलं, त्यांच्यावरच हा अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एकाच संगणकात आधीच्या खेळांसाठी विंडोज ९८ आणि नंतरच्यांसाठी एक्सपी, अशा दोन्ही बसवायच्या आणि सुरू करताना हवी ती निवडायची. नव्या संगणकांवर हे जमत नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांत जुनी बायोस पद्धत उरलेली नाही. पेंटियम ४ चा जुना संगणक शोधावा. कोलकात्यात त्यासाठी चांदनी चौक गाठावा, डमडमहून मेट्रोने थेट तिथे उतरता येतं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले असतील तर तो घेऊ नये. बायोसचा नाण्याएवढा सेल मात्र बदलता येतो. ग्राफिक्स कार्डाचा ९८ साठीचा ड्रायव्हर निघाला होता का, हे पैसे देण्याआधीच बघावं. रॅम ५१२ एमबीपेक्षा जास्त असली की ९८ अडखळते, तेव्हा जास्तीची पट्टी काढलेली बरी.

क्रम महत्त्वाचा आहे: जुनी आधी, नवी नंतर. हार्डडिस्कचे दोन भाग करून सी ड्राइव्हवर फॅट३२ मध्ये ९८ टाकावी, मग दुसऱ्या भागावर एक्सपी. एक्सपी आधीच्या विंडोजची दखल घेते आणि निवडीची यादी स्वतःच तयार करते. उलट केलं तर ९८ सुरुवातीची नोंद पुसते आणि एक्सपी डिस्कवर असूनही उघडत नाही. एक्सपी टाकताना सी ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये बदलण्याचा पर्याय येतो. तिथे नाही म्हणावं, कारण ९८ ला एनटीएफएस वाचता येत नाही.

या संगणकाला इंटरनेट जोडू नये. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले.

राहिल्या सीडी. त्या ओरखड्यांनी जातात, म्हणून त्यांची प्रत आजच हार्डडिस्कवर उतरवावी. पण १९९६ च्या ‘क्वेक’सारख्या खेळांत संगीत गाण्यांच्या सीडीप्रमाणे वेगळ्या ट्रॅकमध्ये असतं. साध्या आयएसओ फाइलमध्ये ते ट्रॅक येत नाहीत, त्यासाठी बिन आणि क्यू या फाइलींची जोडी बनवावी लागते. मूळ सीडीवरून खेळताना ते संगीत ऐकू आलं नाही, तर कॅबिनेट उघडून सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी बारीक ऑडिओ वायर आहे का ते पाहावं. जुने संगणक जुळवताना ती हमखास राहून जाते.