धूर कोणाचा, पाऊस कोणावर?

वरच्या गावाने नदी घाण केली तर खालच्या गावाला ते कळते, कारण नदी कोठून येते हे सर्वांना दिसत असते. हवेचे तसे नाही. वारा आज पश्चिमेकडून येतो, उद्या दक्षिणेकडून. त्याच्याबरोबर आलेला वायू डोळ्यांना दिसत नाही. मग शेजारच्या देशाच्या धुराने आपले नुकसान झाले, हे सिद्ध कसे करायचे? युरोपातील देशांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी तो कसा हाताळला, हे समजून घेण्यासारखे आहे.

नॉर्वे आणि स्वीडनच्या दक्षिण भागातील अनेक तळ्यांमधून मासे नाहीसे होऊ लागले होते. तळ्यांकाठी कारखाने नव्हते, पाणी स्वच्छ दिसत होते, पण ते आम्लधर्मी झाले होते. १९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने याचे मूळ पावसात असल्याचे सांगितले. त्यांना हे सांगता आले, कारण पावसाच्या पाण्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या. पावसातून शेतांना कोणती पोषकद्रव्ये मिळतात हे पाहण्यासाठी स्वीडनमध्ये पाणी गोळा करणारी केंद्रे सुरू झाली होती, आणि १९५० नंतर ती युरोपात इतरत्रही पसरली होती. शेतीसाठी केलेल्या नोंदी अशा वेगळ्याच कामी आल्या.

पाऊस आम्ल कसा होतो ते पाहू. दगडी कोळशात आणि खनिज तेलात थोडे गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन, पाण्याशी संयोग झाल्यावर सल्फ्युरिक आम्ल बनते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे शुद्ध पावसाचाही सामू ५.६ च्या आसपास असतो. तो ४.६ झाला तर आम्लता दहापट वाढली असे समजावे. नॉर्वे-स्वीडनचा खडक बहुतांशी ग्रॅनाइटसारखा, त्यात चुना कमी. त्यामुळे आम्लाचे उदासीनीकरण होत नाही. उलट आम्लामुळे मातीतील अॅल्युमिनियम सुटून पाण्यात उतरते आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करते.

हे आम्ल इतक्या दूर पोहोचले, त्यात उंच धुराड्यांचाही हात होता. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुके साचून हजारो माणसे दगावली. त्यानंतर शहरांतली हवा सुधारण्याच्या उपायांबरोबर वीजकेंद्रांची धुराडीही उंच होत गेली. जवळची हवा सुधारली, पण वर सोडलेला वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ लागला.

१९७२ मध्ये स्टॉकहोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत स्वीडनने ही तक्रार मांडली. सर्वांना ती लगेच पटली नाही. त्याच वर्षी युरोपातील ११ देशांनी एकत्र मोजणी हाती घेतली. १९७७ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने गंधक देशांच्या सीमा ओलांडून जाते हे दाखवून दिले. त्याच वर्षी ‘एमेप’ या नावाने ओळखली जाणारी कायमची मोजणी-योजना सुरू झाली.

या मोजणीची रीत अशी. प्रत्येक देश आपण किती गंधक हवेत सोडतो ते सांगतो. नकाशावर चौकटी आखून ते आकडे मांडतात. वाऱ्याच्या आणि पावसाच्या नोंदींवरून कोणत्या चौकटीतले गंधक कोठे पडेल याचे गणित करतात. मग ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्रत्यक्ष मोजलेले आकडे या गणिताशी ताडून पाहतात. शेवटी एक कोष्टक तयार होते. समजा, ‘अ’ देशाने १०० भाग गंधक सोडले. त्यांतले ४० भाग ‘अ’वरच पडले, ३५ ‘ब’वर आणि २५ ‘क’वर. ‘ब’ आणि ‘क’ यांच्याही अशाच ओळी मांडल्या की आडव्या ओळीत प्रत्येकाने काय दिले ते दिसते आणि उभ्या रकान्यात काय घेतले ते. नॉर्वेच्या रकान्यात बहुतेक सगळे गंधक बाहेरचे निघाले.

१३ नोव्हेंबर १९७९ रोजी जिनिव्हा येथे या विषयावरील करारावर सह्या झाल्या. शीतयुद्धाचा तो काळ, तरी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही गटांतील देश त्यात होते. गणिताची केंद्रेही दोन ठेवली, एक ऑस्लोला आणि दुसरे मॉस्कोला. १९७९ च्या करारात कोणी किती धूर कमी करावा याचा आकडा नव्हता. १९८४ मध्ये मोजणीचा खर्च कसा वाटून घ्यायचा ते ठरले. १९८५ मध्ये हेलसिंकी येथे, १९८० च्या तुलनेत गंधक ३० टक्क्यांनी कमी करायचे ठरले. ब्रिटनने त्या वेळी सही केली नाही. सर्वांना सारखीच कपात लावणे हे तसे ढोबळच होते. म्हणून १९९४ च्या ऑस्लो करारात कोणती जमीन किती आम्ल सोसू शकते याचा विचार करून प्रत्येक देशाला वेगळे उद्दिष्ट दिले. आज युरोपातील गंधकाचे उत्सर्जन १९८० च्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटले आहे. पूर्व युरोपातील जुने कारखाने बंद पडले हेही त्याचे एक कारण आहे. तळी मात्र सावकाश सुधारत आहेत, कारण मातीतून गेलेला चुना लवकर भरून येत नाही.

दक्षिण आशियातही १९९८ मध्ये माले जाहीरनामा झाला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि इराण हे आठ देश त्यात आहेत. त्यात भर आहे तो मोजणीवर आणि माहितीच्या देवाणघेवाणीवर. कपातीचे बंधन त्यात नाही. दर हिवाळ्यात सिंधू-गंगेच्या मैदानावर धुराचे आणि धुक्याचे जे आवरण साचते, ते मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच पसरते. लाहोर आणि दिल्ली या दोन्ही शहरांतल्या मुलांचा श्वास त्यात कोंडतो. एकमेकांना दोष देण्याआधी दोघांनाही मान्य होईल असे कोष्टक हवे, हा युरोपचा अनुभव इथे उपयोगी पडावा.

शाळेत हे करून पाहता येईल. जवळपासच्या दोन शाळांनी ऊर्ध्वपातित पाण्याने धुतलेली प्लास्टिकची भांडी जमिनीपासून उंच ठेवून पावसाचे पाणी गोळा करावे आणि सामू मोजावा. सोबत वाऱ्याची दिशाही लिहावी. सामू-कागदाचे उत्तर ढोबळ असते हे लक्षात ठेवावे. आपल्याकडील धुळीत चुना असल्याने सामू ५.६ हून जास्तही येईल. तो का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. पण त्याआधी एकाच बाटलीतले पाणी दोन्ही शाळांनी वेगवेगळे तपासावे आणि दोघांचे आकडे जुळतात का ते पाहावे. युरोपातील प्रयोगशाळाही अशी परीक्षा नियमित देतात. आकडे जुळल्याशिवाय पुढची चर्चा सुरू करू नये.