न दुखणारे पाऊल

देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी ज्येष्ठ वद्यात आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामास थांबते. त्या रात्री रस्त्याकडेच्या मांडवांतून वारकऱ्यांच्या पायांची सेवा चालते. भौतिकोपचाराचे शिक्षण घेत असताना अशाच एका मांडवात मी बसलो होतो. चालीचा तो पहिलाच दिवस; तरीही फोड आलेले, भेगाळलेले, घोट्याशी सुजलेले पाय रांगेने येत होते. कण्हणाऱ्यांची आम्हांला फारशी चिंता वाटत नव्हती. धसका बसला तो एका सेवानिवृत्त कामगाराचा पाय पाहून. चवड्याखाली रुपयाएवढी जखम, मोजा रक्ताने भिजलेला, आणि गृहस्थ हसत म्हणाले, “मला काही दुखत नाही हो, मुलाने बळेच आणले.” त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह होता. पुढे चालू नका असे सांगितल्यावर ते आमच्यावर रागावले. अखेर मुलाने त्यांना रिक्षात बसवून घरी नेले.

स्मरणिकेसाठी पायांच्या विकारांविषयी लिहायचे ठरले, तेव्हा प्रथम तेच पाऊल आठवले. परंतु आधी दुखणाऱ्या पावलांविषयी.

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात, आणि सर्व देहाचा भार त्यांवर पडतो. आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यात सिमेंटच्या फरशीवर जड सेफ्टी शूज घालून पाळीभर उभे राहणाऱ्यांची नेहमीची तक्रार टाचेची. सकाळी पहिले पाऊल टेकताच खिळा रुतल्यासारखी कळ येते, थोडे चालल्यावर ओसरते आणि पाळी संपताना पुन्हा उसळते. टाचेपासून बोटांपर्यंत तळवा ताणून धरणारा एक जाड पट्टा असतो. तो टाचेपाशी शिणलेला असतो. क्ष-किरण चित्रात तेथे हाडाचे टोक दिसले की ‘हाड वाढले’ म्हणून माणूस धास्तावतो. वास्तविक असे टोक असूनही ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशी माणसे पुष्कळ आहेत. खरा उपचार फार साधा, म्हणूनच दुर्लक्षित. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून अर्धा मिनिट पोटरी ताणावी, दिवसातून तीन-चार वेळा. अंथरुणातून उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने वर ओढून तळवा ताणावा. बुटात टाचेखाली मऊ गादी घालावी. यास महिने लागतात, पण बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. टाचेतील इंजेक्शनने तात्पुरता आराम पडतो. ते वारंवार घेतल्यास तो पट्टाच तुटण्याचा धोका असतो.

वसतिगृहाच्या मैदानावर कबड्डी खेळलेल्या प्रत्येकास मुरगळलेला घोटा ठाऊक आहे. पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणले जातात, क्वचित फाटतात. लगेच तेल लावून चोळण्याच्या आपल्या रीतीने सूज वाढतेच. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि उशीवर ठेवलेला पाय पुरे. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबताच तीव्र वेदना होत असेल, तर मात्र क्ष-किरण तपासणी हवी. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली ही कसोटी आज जगभर वापरतात. सूज उतरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा. तो टाळणाऱ्यांचा तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

पावसाळ्यातील चिखल्यांना कोरडे मोजे आणि बुरशीनाशक मलम, रुतणाऱ्या नखांना सरळ कापणे, एवढे बहुधा पुरते. लहान मुलांच्या सपाट तळव्यांविषयी पालक विचारतात. मूल चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसतील, तर महागडे बूट घेण्याचे कारण नाही.

आता त्या न दुखणाऱ्या पावलाविषयी. त्याचे कोडे उलगडले ते कुष्ठरुग्णांच्या पायांवरून. या रोगात मांस आपोआप झडते असा समज होता. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, मांस झडत नाही. संवेदना गेल्यामुळे माणूस आपल्याच जखमेवर चालत राहतो. म्हणून मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या, आणि जखमेवरचा भार काढून घेणारे प्लास्टर वापरले जाऊ लागले. ब्रँड पुढे ते प्लास्टर अमेरिकेत घेऊन गेले. मधुमेहींच्या तळव्यावरील जखमेसाठी आजही ते उत्तम मानले जाते.

पादत्राणाचे महत्त्व आपल्या परंपरेला नवे नाही. महावग्गातील सोण कोळिविसाच्या कथेतून वीणेच्या तारांचा दृष्टान्त आपण सारे शिकलो. पुढचा भाग बहुधा विसरतो. चंक्रमण करून ज्याचे पाय रक्ताळले होते, त्या सोणाला भगवंतांनी एका तळाच्या वहाणांची अनुज्ञा दिली. एकट्यासाठी ती नको, असे तो म्हणाला, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली.

मधुमेहाने पायांची संवेदना किती उरली आहे, हे नायलॉनच्या एका तंतूने कळते. रुग्णाने डोळे मिटायचे. तंतू वाकेपर्यंत तळव्यावर टेकवतात आणि स्पर्श कळला का, असे विचारतात. सोबत पायाच्या नाड्या पाहतात. सारे मिळून दहा मिनिटांचे काम. माझ्या वडिलांच्या बाबतीत ते कोणी केले नाही. कारखान्यात त्यांच्या बुटात शिरलेला धातूचा कीस दोन पाळ्या टोचत होता. मोजा काढताना तो दिसला. एका दवाखान्यात मलमपट्टी झाली, पण चालू नका असे कोणी बजावले नाही, आणि ते कामावर जात राहिले. तीन आठवड्यांनी दोन बोटे काढावी लागली.

पाश्चात्त्य देशांत केवळ पायांचे तज्ज्ञ, पोडियाट्रिस्ट, असतात. आपल्याकडे ती शाखा अजून नीट रुजलेली नाही. तिचे काम अस्थिरोगतज्ज्ञ, मधुमेही पायांचे शल्यचिकित्सक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि आधार व पादत्राणे बनविणारे ऑर्थोटिस्ट यांच्यात विभागलेले आहे. म्हणून कोणाकडे जावे असा प्रश्न पडतो आणि दिवस वाया जातात. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा, जखम नसतानाही, आपल्या डॉक्टरांसमोर मोजे काढून पाय तपासून घ्यावेत. जखम, फोड किंवा एका पायाला न दुखणारी, ऊन लागणारी सूज दिसल्यास त्याच दिवशी जावे. कुरूप घरी ब्लेडने कापू नये, कुरूपाच्या पट्ट्या लावू नयेत, गरम पाण्यात पाय बुडवू नयेत.

वडील आता बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून दोनदा झटकतात आणि आत हात फिरवून पाहतात. खाली वाकणे त्यांना जमत नाही, म्हणून रात्री दिव्याखाली तळवे पाहण्याचे काम माझ्या मुलीकडे आहे. मागील हिवाळ्यात तिला करंगळीखाली लाल ठिपका दिसला. वडील म्हणाले, “काही दुखत नाही गं.” तिने मला हाक मारली.