संगम किती मीटरवर?

नेवासे तालुक्यात टोक्याजवळ प्रवरा गोदावरीला मिळते आणि पुढे दोघींचे पाणी एकच होते. १९४० च्या स्पिटफायर विमानाच्या गोळ्यांचाही संगम व्हायचा, पण क्षणभरच. प्रत्येक पंखात चार अशा आठ मशीनगन किंचित आत वळवून बसवलेल्या असत. ठरलेल्या अंतरावर त्यांच्या रेषा एकत्र येत, एकमेकींना छेदत आणि पांगत.

हे अंतर ‘आयएल-२ स्टर्मोविक’ या २००१ च्या संगणकीय खेळात खेळाडूच ठरवतो. समजा, लांबूनच टिपायचे म्हणून एखाद्या नवख्याने ५०० मीटर ठरवले आणि गोळीबार केला १०० मीटरवरून. मधल्या रेषेपासून दोन मीटरवर असलेल्या बंदुकीची गोळी तिथे अजून १.६ मीटर बाजूलाच असते. दोन्हीकडची मिळून ३.२ मीटरची फट! शत्रूच्या पंखांना भोके पडतात. इंजिन आणि वैमानिक मधून निसटतात.

उलटही घडते. २५० मीटरला जुळवून ५०० वरून मारले, तर डावीकडची गोळी उजवीकडे दोन मीटर गेलेली असते.

ब्रिटिश हवाई दलाने हा धडा लढाईतच गिरवला. सुरुवातीला ४०० यार्डांवर जुळवलेल्या बंदुका वैमानिकांनी २५० यार्डांवर, म्हणजे सुमारे २३० मीटरवर आणल्या. मारा एकवटला, पण त्यासाठी शत्रूच्या शेपटीला जवळजवळ चिकटावे लागे.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममधल्या रणगाड्यांपुढेही हाच पेच होता. तोफ एकीकडे, नेमबाजाची दुर्बीण तिच्या बाजूला. मग नळीच्या तोंडावर दोऱ्यांची फुली बांधायची, मागून नळीतून दूरचा ठरावीक बिंदू पाहायचा आणि दुर्बिणीतली फुली त्याच बिंदूवर आणायची. अंतर बदलले की दोन रेषांमध्ये पुन्हा थोडा फरक पडतोच.

भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानात दोन्ही ३० मिलिमीटर तोफा धडालगत होत्या, त्यामुळे फट मुळातच लहान. अमेरिकी पी-३८ लाइटनिंगच्या तर चार मशीनगन आणि एक तोफ नाकातच. अशा विमानात डाव्या-उजव्याचा हिशेब जवळपास मिटतो आणि गोळी वाटेत किती खाली येईल, एवढेच पाहायचे उरते.