शेणातले जंतू विहिरीत कसे पोचतात?

कॅनडातील वॉकर्टन हे सुमारे ५,००० वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे नळाच्या पाण्यातून ई. कोलाय ओ१५७:एच७ हे जंतू पसरले. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, ७ दगावली. जंतू आले होते विहिरीजवळच्या शेतातील शेणखतातून.

ऊन व कोरडेपणा असे जंतू मारतो. मातीतील इतर सूक्ष्मजीवही त्यांना खातात. पण ओलसर, थंड मातीत ते कित्येक आठवडे, कधी महिनेही तग धरतात. एरवी माती चांगली गाळणी असते, कारण जंतू तिच्या कणांना चिकटून राहतात. वॉकर्टनला मात्र मातीचा थर पातळ, खाली भेगाळ खडक आणि विहीर उथळ. मुसळधार पावसाबरोबर जंतू थेट पाण्यात उतरले. त्यात क्लोरीनही पुरेसे नव्हते.

यावर उपाय म्हणजे खत नीट कुजवणे. ढिगाचे तापमान काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले, की बहुतेक रोगजंतू मरतात. कडा थंड राहतात, म्हणून ढीग खालीवर करायचा. शाळेच्या परसबागेत प्रयोगशाळेतील तापमापकाने ढिगाच्या मध्याचे व कडेचे तापमान विद्यार्थ्यांकडून रोज नोंदवून घ्या. नंतर हात साबणाने धुवायला मात्र विसरू नका!